२८ मिनिटं ४१ सेकंदांचं करिअर: आइस हॉकीतल्या इमर्जन्सी गोलीची भानगड

२२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगची, एक मॅच झाली, टोरंटो मेपल लीफ्स विरुद्ध कॅरोलायना हरिकेन्स, आणि त्यात अर्ध्या मॅचनंतर कॅरोलायनाचा गोल ज्याने सांभाळला तो माणूस कॅरोलायनाचा नव्हताच. तो टोरंटोतच राहणारा, वय ४२, आणि काम म्हणाल तर आइस रिंकची देखभाल करणं आणि बर्फ गुळगुळीत करणारी ती झँबोनी नावाची गाडी असते ना, ती चालवणं. डेव्हिड आयर्स नाव. मॅच सुरू झाली तेव्हा तो बायकोबरोबर स्टँडमध्ये बसून मॅच बघत होता आणि मॅच संपली तेव्हा तो त्या रात्रीचा फर्स्ट स्टार, म्हणजे आपलं मॅन ऑफ द मॅच, होता. ६-३ ने जिंकले ते.

ही गोष्ट साधारण "स्वप्नं बघा, पूर्ण होतात" टाइप व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखी फिरते, त्यात आयर्सला २००४ मध्ये त्याच्या आईने किडनी दिली होती हे पण खरं आहे, त्यामुळे फॉरवर्डला अजूनच जोर येतो. मला मात्र त्यापेक्षा वेगळा प्रश्न पडतो. एवढी मोठी लीग, एकेका प्लेयरला वर्षाला लाखो डॉलर, मग अशा लीगमध्ये दुसऱ्या टीमचा गोल सांभाळायला स्टँडमधला माणूस खाली उतरतोच कसा? कोणी ठरवलं हे? तर ते ठरवलंय नियमांनी, आणि ते नियम कळले की ही गोष्ट चमत्कार कमी आणि पळवाट जास्त वाटायला लागते.

आधी थोडं बेसिक, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले, आणि आइस हॉकी भारतात खऱ्या अर्थाने खेळतात ती लडाखमध्ये, हिवाळ्यात तळी गोठली की. तर आइस हॉकीत बर्फावर एका टीमचे सहा जण असतात, पाच स्केटर आणि एक गोली, म्हणजे गोलकीपर. स्केटर जेमतेम ४०-५० सेकंद जीव तोडून पळतात आणि बेंचवर येतात, दुसरे पाच आत जातात, हे सतत चालू. गोली मात्र पूर्ण ६० मिनिटं तिथेच, २०-२० मिनिटांचे तीन पिरियड. त्याच्यामागे ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच गोल, आणि समोरून येतो तो पक, कडक रबराची चकती, व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १६० ग्रॅम, आणि उसळू नये म्हणून मॅचआधी तो फ्रीज करून ठेवतात. जोरात मारलेला शॉट ताशी १५० किलोमीटरच्या वर सहज जातो. हिशोब करून बघा, गोलपुढचा हल्ल्याचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून गोलपर्यंत साधारण साडेएकोणीस मीटर, म्हणजे गोलीच्या हातात अर्धा सेकंदसुद्धा नाही, आणि मधे चार-पाच माणसं मुद्दाम त्याच्या डोळ्यासमोर उभी राहिलेली असतात ते वेगळंच.

म्हणून गोलीचं सगळंच वेगळं. पायाला ११ इंच रुंदीचे पॅड, एका हातात पक पकडायचा मोठा ग्लव्ह, दुसऱ्यात शॉट अडवायची पाटी, चेहऱ्यावर मास्क. हे सगळं चढवायलाच वेळ लागतो आणि ते घालून हलायचं कसं हे शिकायला वर्षं जातात. स्केटर जखमी झाला तर बेंचवर बाकीचे असतात, लाइन, म्हणजे एकत्र आत जाणारा गट, थोडी इकडेतिकडे केली की भागतं, पण गोली गेला तर त्याच्या जागी फॉरवर्डला, म्हणजे पुढे हल्ला करणाऱ्या स्केटरला, उभं करणं म्हणजे मॅच हातानेच देऊन टाकणं.

आता पळवाटीकडे येऊ. एनएचएलमध्ये मॅचला एक टीम २० जणांना ड्रेस करते, १८ स्केटर आणि २ गोली. दोनच. तिसरा गोली ठेवायचा तर रोस्टरमधली, म्हणजे टीमच्या यादीतली, एक जागा अडते, सॅलरी कॅपमधले, म्हणजे पगारांवरच्या मर्यादेतले, पैसे अडतात, आणि तो माणूस महिनोन्महिने नुसता बसून राहणार, कारण दोन्ही गोली एकाच रात्री जायबंदी होण्याचा योग फारच क्वचित येतो. त्यामुळे सहसा कोणी ठेवत नाही. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नसतं, आणि त्या एका रात्रीसाठी सोय म्हणून २०१७-१८ च्या सीझनपासून पक्का नियम आला की यजमान टीमने एक इमर्जन्सी गोली रिंकवर हजर ठेवायचा, आणि तो दोन्ही टीमसाठी. परत वाचा, दोन्ही टीमसाठी. ज्या टीमचे दोन्ही गोली जातील त्या टीमकडून तो खेळणार. याला 'इमर्जन्सी बॅकअप गोली'च्या इंग्रजी शॉर्टफॉर्मवरून सगळे 'ईबग' म्हणतात. फुकट सीट, थोडं खाणंपिणं, आणि कामाचं स्वरूप म्हणजे स्वतःची किट बॅग खाली ठेवून मॅच बघायची आणि आपल्याला बोलावू नये अशी (किंवा बोलवावं अशी, माणसावर अवलंबून) इच्छा करत बसायचं. बोलावलं तर तिथल्या तिथे एक दिवसाच्या करारावर सही. हे लोक म्हणजे कॉलेजमध्ये खेळलेले, रात्री हौशी लीगमध्ये खेळणारे, दिवसा नोकरी करणारे.

आयर्स तसाच. तो लीफ्सच्या खालच्या लीगमधल्या टीमला, म्हणजे मार्लीजना, प्रॅक्टिसला गोली म्हणून मदत करायचा, कधी लीफ्सच्या प्रॅक्टिसला पण. त्या रात्री आधी कॅरोलायनाचा जेम्स रायमर पहिल्या पिरियडमध्येच जखमी होऊन गेला. तेव्हाच आयर्सला खाली बोलावून तयार राहायला सांगितलं. मग दुसऱ्या पिरियडमध्ये पीटर म्रझेक पकच्या मागे गोल सोडून पुढे आला आणि टोरंटोचा काइल क्लिफर्ड त्याच्यावर येऊन आदळला, म्रझेक पण गेला. स्कोअर कॅरोलायना ३, टोरंटो १. आणि आत आला ९० नंबरची जर्सी घातलेला आयर्स, अंगावर जर्सी कॅरोलायनाची लाल-पांढरी आणि खाली पॅड टोरंटोच्या निळ्या रंगाचे, कारण गियर त्याचं स्वतःचं होतं.

त्याच्यावर आलेले पहिले दोन शॉट, दोन्ही गोल. ४-१ वरून ४-३. इथे बहुतेक लोकांनी मॅच सोडून दिली असती. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की पिरियडच्या मधल्या ब्रेकमध्ये टीममेट्सनी त्याला सांगितलं, किती गोल बसतात त्याची काळजी करू नकोस, एन्जॉय कर. आणि मग तिसऱ्या पिरियडमध्ये त्याने एकही गोल दिला नाही.

पण ही जी शेवटची ओळ आहे ना, 'त्याने एकही गोल दिला नाही', ती अर्धीच खरी आहे. २८ मिनिटं ४१ सेकंदांत आयर्सवर एकूण १० शॉट आले, त्यातले ८ अडवले. एका पूर्ण मॅचमध्ये एका टीमचे साधारण ३० शॉट होतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मॅचमध्ये १५ च्या आसपास यायला हवे होते, आणि समोर टोरंटो, ज्यांच्याकडे मॅथ्यूज, टवारेस, मार्नर अशी माणसं. मग १० च का? कारण कॅरोलायनाच्या बाकीच्यांनी खेळायची पद्धतच बदलली. गोलीसमोर भिंत, शॉट मारायला जागाच द्यायची नाही, पक जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे ठेवायचा, आणि वर अजून दोन गोल पण मारले. १० पैकी ८, म्हणजे ०.८०० सेव्ह पर्सेंटेज (आलेल्या शॉटपैकी किती अडवले ते), आणि चांगल्या एनएचएल गोलीचं ते ०.९१० च्या आसपास असतं. आकडा बघितला तर वाईट रात्र. ती रात्र जिंकली ती १८ स्केटरनी, आणि हे म्हटल्याने आयर्सचं काही कमी होत नाही, उलट ४२ व्या वर्षी पहिले दोन गोल खाऊन वीस हजार लोकांसमोर तिथेच उभं राहणं हे कुठल्याही पर्सेंटेजमध्ये बसत नाही.

अजून एक गंमत. विजय आयर्सच्या नावावर लागला, आणि बऱ्याच जणांना वाटलं की हे लीगने दिलदारपणा दाखवला. तसं नाही, साधा नियम आहे. हरणाऱ्या टीमचे शेवटी जितके गोल, त्याच्यापेक्षा एक जास्त असा जिंकणाऱ्यांचा जो गोल, तो झाला तेव्हा गोलमध्ये जो उभा होता त्याला विजय. टोरंटोचे ३, म्हणजे कॅरोलायनाचा चौथा गोल महत्त्वाचा, आणि तो आयर्स आत आल्यावर झाला होता. त्यामुळे पदार्पणात रेग्युलर सीझनची मॅच जिंकणारा सगळ्यात वयस्कर गोली म्हणून त्याची नोंद झाली. त्याची स्टिक हॉल ऑफ फेममध्ये गेली. तीन दिवसांनी कॅरोलायनाने त्याला आपल्या गावी, म्हणजे रॅली नावाच्या शहरात, नेलं, मॅचआधीचा भोंगा वाजवायला लावला, टी-शर्ट छापले आणि त्यातले काही पैसे किडनीच्या संस्थेला दिले.

याच नियमाने दुसऱ्या एकाचा विजय हुकला. २९ मार्च २०१८, शिकागो ब्लॅकहॉक्स विरुद्ध विनिपेग जेट्स. शिकागोचा एक गोली मॅचच्या आधीच जखमी, दुसरा कॉलिन डेलिया, त्याची स्वतःची पहिलीच एनएचएल मॅच, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये तो पण कोसळला. आत गेला स्कॉट फॉस्टर, वय ३६, पेशाने अकाउंटंट, कॉलेजमध्ये खेळलेला आणि नंतर हौशी लीगमध्ये. १४ मिनिटं १ सेकंद. ७ शॉट आले, ७ अडवले. मॅच ६-२ ने जिंकली, पण शिकागोचा तिसरा गोल डेलियाच्या वेळेस झालेला, त्यामुळे विजय डेलियाला. फॉस्टरला काय मिळालं, तर १.००० सेव्ह पर्सेंटेज, आणि तो परत कधी एनएचएलमध्ये खेळला नाही त्यामुळे तो आकडा आता कोणी खाली आणू शकत नाही. मोठमोठ्या गोलींना हे जमलेलं नाही, अकाउंटंटला जमलं, हिशोब एकदम क्लिअर.

आणि सगळ्यात छोटं करिअर बघायचं तर होर्हे आल्व्हेस. हा कॅरोलायनाचा इक्विपमेंट मॅनेजर, म्हणजे स्केट्सना धार लावणं, किट सांभाळणं. ३१ डिसेंबर २०१६ ला टॅम्पामध्ये मॅच, त्यांचा दुसरा गोली आजारी पडला, ऐन थर्टीफर्स्टला इतक्या कमी वेळात बाहेरून गोली आणणं जमेना, मग आल्व्हेसलाच ५०० डॉलरच्या करारावर सही करायला लावली आणि बॅकअप म्हणून बेंचवर बसवलं. गोलीचे कपडे घालून बसला होता आणि तरी मॅचभर आपलं नेहमीचं काम करत होता, प्लेयर्सना काय हवं नको ते बघत. कॅरोलायना हरणारच होती, तेव्हा कोच बिल पीटर्सने शेवटी त्याला आत पाठवलं. ७.६ सेकंद. एकही शॉट आला नाही. झालं करिअर.

आपल्याकडे असं काही झालंय का असा विचार केला तर मला एकच आठवतं, १९८७ च्या जानेवारीत ब्रेबॉर्नवर एका प्रदर्शनीय मॅचमध्ये १३ वर्षांचा सचिन तेंडुलकर पाकिस्तानकडून फिल्डिंगला उभा राहिला होता, कारण त्यांचे दोघे लंचला बाहेर गेले होते. पण तिथे तो फक्त सब्स्टिट्यूट, बॅटिंग नाही, बॉलिंग नाही, रेकॉर्डमध्ये काही नाही. हॉकीतला ईबग मात्र पूर्ण प्लेयर असतो, त्याचा प्रत्येक सेकंद आणि प्रत्येक गोल अधिकृत रेकॉर्डमध्ये जातो, आणि म्हणून त्याला करिअर म्हणता येतं, भले ते ७.६ सेकंदांचं असो.

हे सगळं नवीन आहे असं वाटत असेल तर तसं पण नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टीम मॅचला एकच गोली घेऊन यायच्या. तो जखमी झाला की मॅच थांबायची, टाके घालून तो परत येईपर्यंत सगळे वाट बघत. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलच्या जाक प्लांटच्या तोंडावर अँडी बाथगेटचा शॉट बसला, टाके पडले, आणि त्याने कोचला सांगितलं की आता मास्क घातल्याशिवाय मी आत जाणार नाही. कोच टो ब्लेकला मास्क पसंत नव्हता पण दुसरा गोलीच नव्हता, करणार काय. गोलींचे मास्क रुळले ते तिथून. म्हणजे बघा, बॅकअप नसण्यातून मास्क आला.

गोली परत येऊच शकला नाही तर रिंकवर जो कोणी असेल तो. डेट्रॉइटचा असिस्टंट ट्रेनर लेफ्टी विल्सन असाच १९५३, १९५६ आणि १९५७ मध्ये एकेक मॅच खेळला, आणि तिन्ही वेगळ्या टीमकडून, एकदा डेट्रॉइटकडून, मग टोरंटोकडून, मग बोस्टनकडून. शेवटच्या दोन वेळा तो चक्क आपल्याला पगार देणाऱ्या डेट्रॉइटच्या विरुद्ध गोलमध्ये उभा होता. आणि त्याच्याही आधी, ७ एप्रिल १९२८, स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची मुख्य ट्रॉफी, तिच्या फायनलची दुसरी मॅच, न्यूयॉर्क रेंजर्सच्या लॉर्न शाबोच्या डोळ्याला पक लागला. स्टँडमध्ये ऑटवाचा नावाजलेला गोली ॲलेक कॉनेल बसला होता, रेंजर्सनी त्याला घ्यायची परवानगी मागितली, समोरच्या मॉन्ट्रियल मरून्सनी नाही म्हटलं. मग रेंजर्सचा कोच-मॅनेजर लेस्टर पॅट्रिक, वय ४४, स्वतःच पॅड बांधून आत गेला, एकच गोल दिला, आणि ओव्हरटाइममध्ये रेंजर्स २-१ ने जिंकले. पुढे कप पण त्यांचाच. मरून्सनी कॉनेलला येऊ दिलं असतं तर निदान लाज तरी वाचली असती.

आता कोणी म्हणेल की हे सगळे हौशी लोक झाले, खरे प्रोफेशनल गोली तर वर्षानुवर्षं खेळतात. काही खेळतात. पण बऱ्याच जणांचं करिअर फार छोटं असतं आणि त्याचं कारण पुन्हा तेच गणित. ३२ टीम गुणिले २, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये फक्त ६४ जागा, त्यातही रोज खेळतो तो एकच. फॉरवर्ड चांगला असेल तर चौथ्या लाइनमध्ये का होईना दहा मिनिटं मिळतात, गोलीला एकतर सगळं मिळतं किंवा काहीच नाही. खालच्या लीगमध्ये शेकडो गोली वाट बघत असतात, कोणी जखमी झालं की वरून फोन येतो, दोन मॅच, परत खाली, आणि मग परत फोन येईलच असं नाही.

त्यात शरीर. हल्लीचे बहुतेक गोली बटरफ्लाय पद्धतीने खेळतात, म्हणजे गुडघे बर्फावर टेकवून पाय दोन्ही बाजूंना फाकवायचे, खालचा भाग बंद. प्रॅक्टिसपासून मॅचपर्यंत हे अगणित वेळा, आणि माणसाचा खुबा यासाठी बनवलेलाच नाही. खुबे, गुडघे, जांघेचे स्नायू, यांची ऑपरेशनं गोलींमध्ये अगदी कॉमन. रिक डिपिएट्रोचं उदाहरण सगळे देतात, २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे प्लेयर निवडतात त्यात, पहिला नंबर, २००६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याच्याशी तब्बल १५ वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार केला, आणि मग दुखापतीमागून दुखापती. २०१३ मध्ये टीमने करार मोडला आणि उरलेले पैसे २०२९ पर्यंत दरवर्षी हप्त्याने द्यायचं ठरलं. खेळणं बंद, हप्ते चालू.

आणि डोकं. जिम केरी नावाचा वॉशिंग्टनचा गोली होता, १९९६ मध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी मिळाली, वय २२. पुढच्या सीझनमध्येच फॉर्म गेला, बोस्टनला ट्रेड झाला, आणि १९९९ पर्यंत एनएचएलमधून बाहेर, पंचविशी जेमतेम. कारणं वेगवेगळी सांगतात, समोरच्यांनी त्याच्या कमजोर बाजू ओळखल्या, आत्मविश्वास गेला, डोक्याला मार लागला, पण एवढ्या उंचीवरून इतक्या पटकन खाली येणारा बॅट्समन मला तरी पटकन आठवत नाही. उलट बाजूला अँड्र्यू हॅमंड, २०१५ मध्ये ऑटवाचे दोन्ही मुख्य गोली जखमी म्हणून वर आला, सीझन संपेपर्यंत २० विजय आणि साठ मिनिटांतला पराभव फक्त एक, टीमला प्लेऑफमध्ये नेलं, लोक प्रेमाने बर्फावर हॅम्बर्गर फेकायचे. त्यानंतर त्याला कधीच पुन्हा कायमची जागा मिळाली नाही. म्हणजे दोन महिन्यांचा हीरो.

तर ईबगकडे परत. आयर्सच्या मॅचनंतर टीमच्या मॅनेजर लोकांमध्ये चर्चा झाली, कारण मुद्दा गंभीर होता, जो माणूस टोरंटोच्या प्लेयर्सबरोबर प्रॅक्टिस करतो, त्यांच्याच गावचा आहे, तो त्यांच्याच विरुद्ध गोलमध्ये. समजा त्याने चार गोल सोडले असते तर काय काय बोललं गेलं असतं. आणि पॉइंट टेबलवर एकेका पॉइंटने प्लेऑफ हुकतात. तरी लगेच काही बदललं नाही, आणि मधल्या काळात अजून काही जणांचं नशीब उघडलं. एप्रिल २०२२ मध्ये डॅलसमध्ये टॉम हॉजेस पाहुण्या अनाहाइमकडून उतरला, तीन शॉट, दोन अडवले. जानेवारी २०२३ मध्ये एडमंटनने अल्बर्टा विद्यापीठाचा गोली मॅट बर्लिन याला ७-३ अशी मॅच हातात असताना शेवटची २ मिनिटं २६ सेकंद दिली, एक शॉट, एक सेव्ह. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोरंटोने जेट अलेक्झांडरला शेवटची ७० सेकंद दिली. ही शेवटची दोन म्हणजे इमर्जन्सी कमी आणि कौतुक जास्त, मॅच आरामात जिंकत असताना दिलेलं बक्षीस. मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण आयर्स आणि फॉस्टरच्या रांगेत ते बसत नाहीत, कारण त्या दोघांना बोलावलं तेव्हा खरंच दुसरं कोणी नव्हतं.

२०२५ मध्ये लीग आणि प्लेयर्स युनियन यांच्यात नवीन करार झाला आणि त्यात ही पळवाट बऱ्यापैकी बुजवली. २०२६-२७ च्या सीझनपासून टीमला स्वतःचा पूर्णवेळ इमर्जन्सी गोली ठेवता येणार, तो टीमबरोबर प्रवास करणार, प्रॅक्टिसला उभा राहणार. नियम म्हणून हे बरोबरच आहे, आपल्या टीमचा गोल आपल्या माणसाने सांभाळावा यात वाद घालण्यासारखं काही नाही, आणि रोज एनएचएलचे शॉट झेलणारा माणूस पहिल्या दोन शॉटवर दोन गोल खाण्याची शक्यता पण कमी. मला फक्त एवढंच वाटतं की पाहुण्या टीमकडून यजमान गावचाच झँबोनीवाला उतरणं आता जवळपास बंद होईल, आणि झालंच कधी तर प्रेक्षक त्याला ओळखणार नाहीत, कारण तो त्यांच्यातला नसेल.